थवीलदादांसाठी पाकटांची जोडी

थायलंडमधल्या आमच्या राचबुरी शहरात अशी एक खिडकी नाही, जिचं माप मी नुसत्या नजरेनं सांगू शकत नाही! पडदे शिवण्यात हयात गेली माझी. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की त्याच्या घरातल्या खिडक्या मला दिसायला लागतात. त्यामुळे थवीलदादांचं दुःख पाहिलं तेव्हा मला वाटलं, हात्तिच्या! एवढंच ना? माप घेऊ, कापड फाडू, शिवून टाकू!

थवीलदादा म्हणजे माझ्या बायकोचे, जिंतनाचे थोरले भाऊ. जन्मभर त्यांनी मे क्लोंग नदीवर टग चालवली. एक ठेंगणी बोट पुढे आणि तिच्या मागे दोरखंडानं बांधलेले रेतीचे पडाव. लमायवहिनी पण बोटीवरच असायच्या. चूल बोटीवर, दोरीवरचे कपडे बोटीवर, नवराबायकोची भांडणंही बोटीवर! दोन्ही काठांवरच्या लोकांना ती फुकटात ऐकायला मिळायची, आणि टग वळणापलीकडे गेली की शेवट कळला नाही म्हणून लोक हळहळायचे.

गेल्या वर्षी वहिनी गेल्या. दादा मठात दहनाला उभे राहिले, आलेल्या-गेलेल्याला हात जोडले, म्हाताऱ्याकोताऱ्यांना पाणी विचारलं, आणि त्यानंतर बोलायचेच थांबले. जिंतनानं त्यांच्या नदीकाठच्या घराला कुलूप घातलं आणि त्यांना आमच्याकडे आणलं. आमचं पुढे दुकान, मागे अंगणाला लागून एक खोली. त्या खोलीत एक प्लॅस्टिकची खुर्ची आणि खुर्चीत दादा. 'जेवलात?' मान हलायची. 'पंखा लावू?' मान हलायची. चिनी दुकानांत सोनेरी मांजराचा पुतळा असतो ना, तो निदान हात तरी हलवतो!

"महिन्याभरात दादा बोलायला नाही लागले तर मी पडदे शिवणं सोडीन," मी जिंतनाला म्हणालो.

"काय करणार आहात?"

"पाकटं आणणार!"

पाकट म्हणजे तो चपटा, परातीसारखा गोल, चाबकासारख्या शेपटीचा मासा. आमच्या नदीत त्याची राक्षसी जात आहे, पण मी म्हणत होतो ती घरात काचेच्या टाकीत पाळायची. काळीभोर, अंगावर पांढरे ठिपके. आमच्याकडे हौशी लोक ती पैदास करून विकतात. माझा शाळासोबती हेंग त्यांतलाच. नदीवर जन्म काढलेला माणूस. त्याला नदीचा तुकडा घरात आणून दिला की झालं! केवढी सोपी गोष्ट!

जिंतना मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "अहो, दादाला मासे नकोत. दादाला वहिनी हवी आहे."

बायकांना कल्पकता नसते.

हेंगनं मला पाकट पाळण्यावर दीड तास व्याख्यान दिलं. टाकी उंच नको, पसरट हवी. पाकट वर जात नाही, तळावर फिरतं. तळाला बारीक वाळू. नळाचं पाणी तसंच घालायचं नाही, त्यातलं क्लोरीन आधी घालवायचं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे टाकी भरली की फिल्टर लावून दीड-दोन महिने रिकामी चालवायची.

"रिकामी? मग बघायचं काय?"

"पाणी! सोमनुक, लेका, पाणी भरलं म्हणजे पाणी तयार झालं असं नसतं. माशाची घाण पचवणारे जंतू पाण्यात वाढावे लागतात. पाकट इतकं नाजूक, की कच्च्या पाण्यात टाकलंस तर स्वतःच्याच घाणीनं मरेल."

मी मान डोलावली. गिऱ्हाईक मला सुती आणि रेशमी यांतला फरक सांगायला लागलं की डोलावतो तशी.

टाकी आली. नऊ फूट लांब, चार फूट रुंद. आणि मागच्या खोलीच्या दारातून आत जाईना! मी, नजरेनं माप घेणारा सोमनुक, दाराचं माप घ्यायला विसरलो होतो! टाकी आडवी केली, तिरकी केली, चौघांनी उभी करून पाहिली. शेवटी गवंडी बोलावला आणि दुकान आणि खोली यांमधली अर्धी भिंत पाडली. दादा खुर्चीत बसून भिंत पडताना पाहत होते. एवढा धुरळा उडाला, पण 'का' म्हणून विचारलं नाही त्यांनी.

मी काही सांगितलंही नाही. टाकीवर पहिल्यापासून पडद्याचं जाड कापड घालून ठेवलं होतं. एकदम समोर आणून त्यांना चकित करायचं होतं. आणि दादा काही ऐकतात असं कुणालाच वाटत नव्हतं, म्हणून मी खुशाल त्यांच्या खुर्चीजवळ उभा राहून हेंगशी फोनवर बोलत असे. ते बोलणं आठवलं की अजूनही अंगावर काटा येतो.

"हां हेंग, नवरदेव तर आपला तयारच आहे. अगदी शांत आहे म्हणतोस ना? दिवसभर एका जागी पडून? उत्तम! आता नवरीचं सांग. तरुण आहे ना? गोल आहे? असू दे, असू दे, गोलच बरी! खाते भरपूर? अरे, आमच्याकडे खायला काय कमी आहे! … हो, जागा केलीय, भिंतच पाडली! … नाही रे, दादांना काही विचारायचं नाही. एकदम आणून समोर उभी करायची. एकत्र राहिले की आपोआप जमेल!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांची खुर्ची रिकामी. पिशवी नाही, चपला नाहीत.

जिंतना रस्त्यावर धावली. शेजारची नूडलवाली म्हणाली, "थवीलदादा? ते मघाशीच मठाकडे गेले. माझ्याशी बोलले!"

"बोलले? काय बोलले?"

"म्हणाले, 'निघालो.'"

आम्ही मोटरसायकलवरून मठात पोचलो. विहाराच्या पायऱ्यांवर दादा मांडी घालून बसलेले, एक म्हातारे भन्ते वस्तरा घेऊन त्यांचं डोकं भादरत होते. आमच्याकडे भिक्खू होताना डोक्याबरोबर भुवयाही काढतात. अर्धं डोकं आणि एक भुवई गेली होती.

"दादा!" जिंतना ओरडली.

दादा उभे राहिले. अर्धं डोकं काळं, अर्धं चकचकीत, एक भुवई कपाळात चढलेली आणि दुसरी नाहीच! आणि त्या अवतारात, इतक्या महिन्यांनी, ते माझ्यावर गरजले. टगचा भोंगा वाजावा तसे.

"लमायला जाऊन वर्ष नाही झालं, सोमनुक! आणि तू माझं लग्न लावतोस?"

"मी? लग्न?"

"गोल आहे म्हणे! तरुण आहे म्हणे! मला न विचारता समोर आणून उभी करणार? त्यापेक्षा मी चीवर घालीन! भन्ते, तुम्ही थांबू नका!"

माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. "दादा… दादा, तो मासा आहे हो!"

"कोण?"

"नवरी! नवरी मासा आहे! आणि नवरदेव पण मासाच! पाकटं आहेत ती!"

भन्त्यांचा वस्तरा हवेत राहिला. दादांनी बहिणीकडे पाहिलं. जिंतनानं मान हलवली. तिला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही येत होतं, आणि दोन्हींना वाट एकच होती.

"खोटं," दादा म्हणाले. "भिंत पाडलीस तू. माशासाठी कुणी भिंत पाडतं?"

जगातला कुठलाही शहाणा माणूस दादांच्याच बाजूनं उभा राहिला असता!

भन्ते शांतपणे म्हणाले, "लग्न असो की मासा, हे डोकं असं ठेवता येणार नाही." त्यांनी उरलेलं अर्धं डोकं भादरलं, दुसरी भुवई उतरवली आणि दादांना घरी पाठवलं. "आधी मासा बघून ये. मग सांग."

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? टाकीत पाणी भरून जेमतेम आठवडा झालेला. पण घरी जाऊन नुसतं पाणी दाखवलं असतं, तर दादा आल्या पावली मठात परतले असते! मी हेंगला फोन केला. "आत्ताच्या आत्ता आण. दोन्ही."

"पाणी कच्चं आहे, सोमनुक."

"माणूस चाललाय माझा!"

हेंग आला. दोन मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, प्रत्येकीत एक पाकट. शेपटीवरच्या काट्यानं पिशवी फाटू नये म्हणून त्याच्यावर नळीचा तुकडा चढवलेला. नळ्या काढल्यावर पाकटं वाळूवर उतरली, कडा लाटेसारख्या हलवत एक फेरी मारली आणि काचेशी येऊन थांबली. त्यांच्यासमोर थवीलदादा. टक्कल, भुवया नाहीत, चेहऱ्यावर काही नाही. काचेच्या दोन्ही बाजूंना एकच चेहरा होता म्हणा ना!

दादा खुर्ची ओढून बसले. काचेवर बोट टेकवून म्हणाले, "लमायनं एकदा पाहिला होता. पडावाच्या कडेला वर आला. एवढा मोठा, दोन माणसं झोपतील एवढा. तिच्या हातातलं भाताचं पातेलं नदीत पडलं. मी म्हटलं, पातेलं का टाकलंस? तर म्हणाली, पाहुणा आला, जेवायला नको का वाढायला?"

आणि ते हसले. जिंतना उठून दुकानात गेली आणि बराच वेळ नुसतंच मशीन चालवत बसली. कापड न घालता.

पुढचे काही दिवस मी राचबुरीतला सर्वांत फुगलेला माणूस होतो. भेटेल त्याला सांगत सुटलो! दादा पहाटे उठायचे, बाजारातून कोळंबी आणायचे, सोलून बारीक तुकडे करायचे. रोज मठात वहिनींच्या नावानं भन्त्यांना जेवण वाढून यायचे आणि आले की टाकीपुढे. मादी त्यांच्या हाताशी यायची. तिच्या डाव्या डोळ्यामागे दोन ठिपके एकमेकांना चिकटलेले होते. "हे बघ," दादा मला म्हणायचे, "या दोघांचं भांडून झालंय." माझ्या दृष्टीनं ते ठिपके होते. मला वाटायचं, बोलतायत ना, बोलू देत.

मग मादीनं खाणं सोडलं.

हेंगनं पाणी तपासलं आणि माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "बादल्या आण." त्या दिवसापासून आम्ही बादल्या उचलू लागलो. क्लोरीन घालवलेलं पाणी आत, जुनं पाणी बाहेर. मी, जिंतना, दादा, शिवणकामाच्या दोन बायका, सगळे! दुकानात चिखल, पडद्यांच्या कापडाला ओल, गिऱ्हाईक दारातूनच परत. नर कसाबसा टिकून होता. मादीच्या अंगाच्या कडा वर वळायला लागल्या, जुन्या कागदाच्या वळतात तशा. दादा तिच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलत असायचे. मी जवळ गेलो की थांबायचे.

एका सकाळी दादा मठात गेलेले असताना ती गेली.

आणि मी घाबरलो! या माणसासाठी मी जोडी आणली होती. बायको गेलेल्या माणसाच्या पुढ्यात मी नवराबायको आणून ठेवले, आणि त्यांतली बायको मेली! अख्ख्या थायलंडात एवढं डोकं चालवणारा दुसरा कुणी सापडणार नाही.

"हेंग! दुसरी मादी आण. अगदी तशीच! दादा यायच्या आत!"

"अरे, त्याच पाण्यात दुसरी?"

"आज दाखवायला हवी. संध्याकाळी दोन्ही घेऊन जा तुझ्याकडे. काहीतरी सांगू!"

मेलेली मादी मी मखमलीच्या नमुन्याच्या तुकड्यात गुंडाळून मापाच्या टेबलाखाली ठेवली. हेंग मोटरसायकलच्या जोडगाडीत पिशवी घेऊन आला. घाईघाईत पिशवी सोडायला मी टाकीत हात घातला. नर कुठे आहे हे न बघता! वाळूखाली अंग पुरून तो नेमका तिथेच बसला होता.

त्याचा काटा माझ्या तळहातात गेला.

मी ओरडलो. लोक सांगतात की ते ओरडणं रेल्वे स्टेशनपर्यंत ऐकू गेलं. माझा विश्वास आहे. हाताला कुणी आग लावून वर करवत चालवावी तसं होत होतं!

"गरम पाणी!" हेंग ओरडला. "सोसेल तेवढं गरम! त्यानं विष उतरतं!"

घरात गरम पाणी कुठलं? शेजारची नूडलवाली धावत आली आणि तिनं आपल्या पातेल्यातलं डुकराच्या हाडांचं सार घमेल्यात ओतलं, थंड पाण्यानं जरा निववलं आणि माझा हात धरून आत घातला. वर कोथिंबीर तरंगत होती. दुकानाच्या दारात ही गर्दी! मी रडतोय, हेंग सार ढवळतोय, नूडलवाली विचारतेय, "अजून घालू?"

गर्दीतून वाट काढत दादा आत आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग टाकीकडे पाहिलं. वाकून पाहिलं.

"ही ती नव्हे," ते म्हणाले.

हेंगनं सार ढवळणं थांबवलं.

"कुठाय ती?"

एक हात सारात, दुसऱ्यानं घमेलं धरलेलं. मी हनुवटीनं टेबलाखाली दाखवलं.

दादा जमिनीवर बसले. मखमल उलगडली. बोटानं ते चिकटलेले ठिपके पुसल्यासारखे केले. आणि मग ते रडले. वहिनींच्या दहनाला ज्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, ते तान्ह्या मुलासारखे तोंड उघडून रडले. दारातली माणसं एकेक करून निघून गेली. नूडलवाली घमेलं तसंच ठेवून गेली.

"दादा," जिंतना त्यांच्याशेजारी बसली, "मासाच होता रे. आपण आणू…"

"लमाय बरं नाही म्हणून घरी राहिली होती; ती गेली तेव्हा मी पडाव घेऊन खाली समुद्राच्या बाजूला होतो," दादा म्हणाले. "आलो तोवर तुम्ही तिला न्हाऊ घातलं होतं. केस विंचरले होते, नवा कपडा नेसवला होता. फुलं, पंखे, खुर्च्या, सगळं लावून तयार. मला म्हणालात, दादा, तू बस, तुला काही करायला नको. मी बसलो. मला खरंच काही करायला उरलंच नव्हतं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. "आजही तू सगळं आवरूनच ठेवत होतास, सोमनुक."

माझा हात सारात होता. सार गार झालं होतं, तरी मी तो बाहेर काढला नाही.

दादांनी मादीला नदीकाठी नेलं. मी बरोबर गेलो, पण मला कुदळ धरता येत नव्हती, आणि ते दुसऱ्या कुणाला हात लावू देईनात. स्वतः खड्डा खणला, स्वतः तिला ठेवलं, स्वतः माती लोटली. नखांत माती गेली तरी लोटत राहिले. मी बँडेज बांधलेला हात जोडून उभा होतो. एक कुत्रं साराच्या वासानं त्या हाताचा पिच्छा सोडेना. मी त्याला पायानं ढकलत होतो, तोंडानं प्रार्थना म्हणत होतो आणि मला रडूही येत होतं. त्यातलं एकही काम मला धड जमलं नाही.

नर आणि नवी मादी, दोघांना हेंगनं आपल्याकडे नेलं. टाकी आमच्याकडे राहिली. फिल्टर चालू, वाळू स्वच्छ, आत कुणी नाही. दादा रोज त्या रिकाम्या टाकीपुढे खुर्ची टाकून बसायचे. गिऱ्हाइकं पाडलेल्या भिंतीतून डोकावून विचारायची, "काका, काय बघताय?"

"पाणी तयार होतंय," दादा म्हणायचे.

त्यांच्या भुवया हळूहळू उगवल्या. मधूनमधून ते वहिनींबद्दल बोलायचे; त्यांची रागावण्याची तऱ्हा, चुकीच्या वळणावर भोंगा वाजवून त्या कशा हसायच्या ते. कधी बोलता बोलता थांबायचे आणि मग दिवसभर गप्प. पण ते गप्प बसणं वेगळं होतं. त्यात आत कुणीतरी आहे हे कळायचं.

हेंगनं पाणी पुन्हा तपासलं, तोंडभर हसला आणि पाकटं परत आणली. दोन्ही खायला लागली. दादांनी नराला हातानं भरवलं. नव्या मादीचे तुकडे मात्र लांबून पाण्यात टाकले, आणि तिच्याकडे पाहिलं नाही. मग जिंतनाला म्हणाले, "माझ्या घराची किल्ली दे."

"दादा, तिथं एकटा काय करशील?"

"झाडीन आधी. तिचे कपडे तसेच असतील दोरीवर."

जिंतना म्हणाली, मी येते झाडायला. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. दादा एकटेच गेले.

त्याला आता बरेच महिने झाले. पाकटं काही त्यांनी नेली नाहीत. गवंड्यानं भिंत पुन्हा बांधली आहे, त्यामुळे ती टाकी आता माझ्या मरणापर्यंत या घरातून हलत नाही! बादल्या मी उचलतो. कोळंबी मी सोलतो. पडद्यांना कोळंबीचा वास येतो म्हणून दोन गिऱ्हाइकं तुटली.

दादांचा रोज संध्याकाळी फोन येतो. जिंतना कशी आहे, विचारत नाहीत. माझा हात कसा आहे, त्याहून विचारत नाहीत. "पाणी बदललंस?" बदललं. "नर खातोय?" खातोय. की ठेवला फोन. इतके दिवस एवढंच होतं.

काल मात्र फोन ठेवता ठेवता थांबले.

"आणि ती?" दादांनी विचारलं. "ती जेवली का?"

"जेवली की! पोटभर!" मी म्हणालो.

खरं सांगायचं तर, दिवाळखोर आठवण माझी, काल तिला घालायचं मी साफ विसरलो होतो! फोन ठेवला आणि कोळंबी घेऊन धावलो.